नवऱ्यावर उजेड

"अहो, नायिकेला शिडीवर कोणी चढवलं? पडाल ना! दिग्दर्शक कुठे आहेत?"

"शिडीवर," वरून उत्तर आलं.

नाटकासाठी आलेल्या नव्या दिवेवाल्याने जीभ चावली. ती खाली उतरेपर्यंत हसत होती. उतरल्यावर तिला दिसलं, शिडी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. मंडळी तिला ठिणगी म्हणत. पण त्या दिवशी ठिणगीचेच कान गरम झाले.

नाटक तसं जुनंच. नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो, बायको रडते, प्रेक्षक रुमाल काढतात. बायकोचं काम ठिणगीची सख्खी आत्या करायची.

"उजेड नवऱ्यावर टाका," ठिणगी म्हणाली. "लोकांनी त्याला बघावं."

"लोक बाईचं रडणं बघायला येतात."

"म्हणूनच तर."

"पण आजवर कोणी..."

"असं करा, आत्याच्या जागी उभे राहा."

तिच्या तालमीची रीतच होती ही. ज्याने वाद घातला, त्याने त्या जागी उभं राहायचं. दिवेवाला राहिला उभा. त्याच्या तोंडावर झगझगीत उजेड, समोर काळोख... आणि काळोखातून नटाचा हात आला. गालापाशीच थांबला, तरी हा दचकून मागे सरला.

"मला हात दिसलाच नाही," तो हळूच म्हणाला. "आणि मी मात्र सगळ्यांना दिसत होतो."

मग त्याने मुकाट्याने दिवा नवऱ्याकडे वळवला. ठिणगीला तो आवडला तो तिथेच, उगाच का खोटं बोला!

पुढे तालमी रंगल्या, भांडणंही रंगली. अहो-जाहो कधी गळालं, दोघांनाही कळलं नाही. "दिवे झकास लावतो हो," आत्या म्हणायची, "पण बघतो भलतीकडेच."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी तारा गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "एक सांगू? मला तू..."

"आत्ता नको—"

"आवडत नाही मी?"

"तसं असतं तर सोपं होतं रे. मी बसवलेल्या मागच्या नाटकाचं सगळं श्रेय नेपथ्य करणाऱ्या माझ्या तेव्हाच्या मित्राच्या पदरात पडलं. त्याला म्हणे फार सुचतं. आता आपलं काही आहे असं कळलं, तर हे नाटक पहिल्याच दिवशी तुझं होईल."

त्याने तारांचं भेंडोळं खाली ठेवलं. "तू म्हणशील तोवर थांबतो मी." तिला फार वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

प्रयोगात थोबाडीत बसली, आणि एकही रुमाल निघाला नाही. सगळं सभागृह त्या उजेडातल्या हाताकडे बघत राहिलं. नवऱ्याला हात कुठे लपवावा कळेना.

पडदा पडल्यावर नाट्यसंस्थेचे अध्यक्ष गुच्छ घेऊन आले ते ठिणगीला ओलांडून थेट दिवेवाल्याकडे. "वा! नवऱ्यावर उजेड! कल्पना तुमचीच ना?"

दिवेवाल्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. उत्तर त्याचं नव्हतंच. तो फक्त तिच्याकडे बघत राहिला, तू बोल अशा नजरेने. इतके दिवस ज्या क्षणाला ती भीत होती तो समोर उभा होता, आणि तिला भीती म्हणून वाटत नव्हती.

तिने अध्यक्षांच्या हातातून गुच्छ अलगद काढून घेतला.

"कल्पना माझी. दिवे यांचे," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या देखत तिने त्याचा हात धरला. "आणि हा माणूसही माझाच. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगून टाकते."