अंबाडीचा दोर

अड्याळमध्ये दिवे गेले की तेजराम मामाच्या ओट्यावर पोरं आपोआप गोळा होतात. त्या रात्रीही गेले. वारा सुटला होता, शेजारच्या छपराच्या टिना वाजत होत्या. कमलेशनं मोबाइलचा उजेड लावला तर मामानं त्याच्या हातावर चापट दिली.

"विझव ते. आपन बाबासाहेबाची लेकरं, भूतबीत मानत नाही. मीबी मानत नाही. पन वच्छलाबाईचं जे झालं ते झालं. तिच्या पोरानं, प्रफुल्लनं, ह्याच ओट्यावर बसून सांगितलं मले."

"मंग सांग ना, मामा. कायले भाव खाऊन राह्यला?" खुशबू म्हणाली.

मामा हसला नाही. सांगू लागला.

गोष्ट सुरू होते बाजारातून. दोन हजार चोवीसचा मे महिना. वच्छला ताडपत्री घ्यायला गेली होती. प्रफुल्लचं साकोलीला गॅरेज. त्यानं एक जुनी मिनीबस घेतली, आतल्या सीटा उपटल्या, तीन पलंग ठोकले, शेगडी बसवली, घरच चाकावर चढवलं. म्हणाला, आई, तू जन्मात समुद्र पाह्यला नाही. कोकणात जाऊ, गाडीतच रांधू, गाडीतच झोपू. गाडीच्या अंगाला सावली करायला ताडपत्री पाहिजे होती.

दुकानदारानं घडी घातली आणि सवयीनं विचारलं, "दोर किती हात देऊ, बाई?"

"दोर नोको."

"मंग ताडपत्री काय थुकीनं चिकटवता?"

"दोर नोको म्हटलं ना!" ती अशी खेकसली की शेजारची कांदेवाली वजन करायचं विसरली.

अकरा वर्षं तिनं दोराला हात लावला नव्हता. त्याआधी तिच्यासारखा अंबाडीचा दोर आजूबाजूच्या दहा गावांत कोणी वळत नव्हतं. अंबाडी तलावात भिजवायची, साल सोलायची, मांडीवर वळायची. नवरा परसराम विहिरी खोदायचा. जोडीला जागेश्वर, लहानपणापासूनचा दोस्त. परसराम दोरावर खाली, जागेश्वर दोर धरून वर. वरच्याच्या हाताला दोर काचू नये म्हणून वच्छला वरच्या टोकाला आपल्या लाल लुगड्याची पट्टी गुंडाळून द्यायची. खोल विहिरीत आवाज पोचत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. खालून एक हिसका, म्हणजे थांब. दोन हिसके, म्हणजे ओढ. आणि वरच्यानं उलटा एक हिसका द्यायचा. म्हणजे, आहे, धरून आहे.

मग एका मे महिन्यात, भर दुपारी, आंधी आली. विहीर ढासळली. जागेश्वर छाती पिटत तिच्या दारात आला.

"दोर तुटला, वयनी. कुजका निघाला. हातात टोक उरलं होतं, ते म्या जाळून टाकलं. तुले पाहावलं नसतं."

दोन दिवसांनी परसरामला वर काढलं. दोर मातीतच राहिला. विहीर बुजवली.

आपल्या हातच्या दोरानं नवरा खाल्ला, हे वच्छलानं मान्य केलं. लोक काही बोलले नाहीत, पण तिला ऐकू यायचं. जागेश्वरनं मात्र साथ सोडली नाही. धान रोवायला यायचा, प्रफुल्लला शाळेत न्यायचा. ती त्याला भाऊ म्हणायची, सणाला पहिलं ताट त्याचं वाढायची. समुद्र पाहायला जायचं तर भाऊशिवाय कसं जाणार? तो आला. येताना निळा नायलॉनचा दोर त्यानंच घेतला.

बावीस मे, बुधवार. बुद्धपौर्णिमेची आदली रात्र. सिंधुदुर्गातलं एक लहानसं गाव. जागेश्वरनं गाडी पार पाण्याजवळ, वाळूच्या उंचवट्यावर लावायला लावली. म्हणे तलावाच्या पाळीवर, बांधावर झोपतो तसंच हे. ताडपत्रीचं तोंडही पाण्याकडं केलं, गार वारा लागावा म्हणून. आपल्याकडं तलाव कधी कोणाच्या अंगावर आला आहे काय? त्यांना काय ठाऊक.

संध्याकाळी मासे विकून परतणारी एक म्हातारी थांबली. "ता कापड उतरवा. रात्री वारो सुटतलो. गाडयेचा नाक वाऱ्याकडे करा."

जागेश्वर हसला. "बाई, आमी धानाच्या तणसाचे ढीग बांधनारे लोक. वारा आमाले कायले शिकवतं?"

म्हातारी वच्छलाकडं बघत राहिली. मग गेली.

सव्वाबाराला वारा आला.

आधी भांडी वाजली. मग गाडी हलली, आजारी माणूस कूस बदलतो तशी. ताडपत्री कणगीसारखी फुगली आणि पाण्याकडची दोन्ही चाकं वाळूतून सुटायला लागली. प्रफुल्ल चड्डीवरच स्टेअरिंगवर बसला.

"जागेश्वर काका, बाहेर व्हा! खुंटा उपटला, तो ताडपत्रीच्या कोपऱ्याचा दोर धरा. मी गाडी वळवतो तवर सोडू नोका. सुटला तर गाडी उलटी होते!"

जागेश्वर उतरला. वच्छलानं काचेतून पाहिलं. त्यानं निळा दोर मनगटाला गुंडाळला. वारा वाढला. वाळू काचेवर फुटाण्यासारखी उडत होती. गाडी सुरू होईना. पुन्हा किल्ली. पुन्हा नाही.

दार उघडलं. जागेश्वर आत आला. दार लावलं.

"भाऊ... दोर?"

त्याचे हात रिकामे होते.

आता गाडी जाणार. वच्छलानं पलंगाची दांडी धरली. डोळे मिटले.

गाडी गेली नाही.

तिनं डोळे उघडले. ताडपत्री खाली दबली होती. निळा दोर कोपऱ्यातून सरळ अंधारात गेला होता. ताणलेला. तिकडं झाड नव्हतं. खुंटा नव्हता. नुसती वाळू...

"कोन धरून राह्यलं ते?" प्रफुल्लनं विचारलं.



मग गाडीला हिसका बसला.

एक. दोन.

वारा तर सारखा होता. हा वारा नव्हता.

थोडं थांबून पुन्हा. एक. दोन.

जागेश्वर खाली बसला. कानावर हात. "उत्तर देऊ नोको, वयनी. उत्तर देऊ नोको."

"कोनाले?"

त्यानं कान आणखी घट्ट दाबले.

"कोनाले, भाऊ?"

"त्या दिवशीबी असेच दिले होते त्यानं... दोन-दोन... लय वेळ..."

वच्छलाला आधी समजलं नाही. मग समजलं. पायापासून वर चढत आलं.

"दोर तुटला होता ना?"

जागेश्वर मान खाली घालून होता.

"तोंड वर कर. तुटला होता ना?"

"आंधी आली, वयनी. टिना उडून राह्यल्या होत्या. मी भेलो. म्या... सोडला."

बाहेर हिसके. एक. दोन.

"अकरा वर्सं," वच्छला म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, प्रफुल्लला त्याचंच भेव वाटलं. "अकरा वर्सं म्या माह्या हाताले शिव्या देल्या. तू समोर बसून जेवत होता. माह्याच हातचं."

तिनं दार उघडलं. वाऱ्यानं पदर ओढून नेला, तिनं धरला नाही. "आई!" प्रफुल्ल ओरडला. ती दोरापाशी गेली. अकरा वर्षांनी तिनं दोराला हात लावला. बर्फासारखा गार होता.

तिनं एक हिसका दिला.

आहे.

पलीकडून काही आलं नाही. ताण मात्र हळूहळू सैल झाला, दमलेल्या माणसानं हात खाली घ्यावा तसा. तेवढ्यात इंजिन लागलं. प्रफुल्लनं गाडीचं नाक वाऱ्याकडं वळवलं, उतरून ताडपत्री कापली. गाडी थरथरली आणि उभी राहिली.

उजाडलं तेव्हा जागेश्वर गाडीत नव्हता. त्याची चप्पल पलंगाखाली तशीच होती. तो घरी पोचला, पण अड्याळात त्यानं नंतर कोणाला तोंड दाखवलं नाही.

मामा थांबला. टिना वाजत होत्या.

"मंग?" खुशबूचा आवाज बारीक झाला होता.

मग प्रफुल्ल दोर गोळा करायला गेला. निळा दोर वाळूत पडला होता. ओढला, तर जड. वाळूतून दुसरा दोर निघाला, निळ्याच्या टोकाला गाठ मारलेला. अंबाडीचा. ओला. सगळी वाळू पांढरी, आणि ह्याला चिकटलेली माती पिवळी, आपल्याकडच्या विहिरीत दहा हातांखाली लागते तशी.

वच्छला वाळूत बसली. दोर मांडीवर घेतला आणि हातानं चाचपत गेली, एक एक पेड, शेवटापर्यंत. शेवटी लाल लुगड्याची पट्टी होती. गुंडाळलेली, तिनंच गुंडाळली होती तशी. जळालेली नव्हती.

आणि दोर कुठंच तुटलेला नव्हता.