डावखुऱ्याची बेस गिटार

या रे, या गं! दाराशी नका बसू, पुढे सरका. मोबाइल उलटे ठेवा आणि चित्त इकडे द्या. आज एक गोष्ट सांगायची आहे. हसू येईल तिथे खुशाल हसा, पण ही गोष्ट हसण्यावारी संपणारी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आख्यान लावण्याआधी बुवा क्षणभर डोळे मिटतात ना, तसे मिटा. आणि आता उघडा ते थेट मुळशीच्या रस्त्यावर, माले गावात, भर मे महिन्यात, भंगाराच्या एका टेम्पोमागे!

"ओ काका! थांबा की!" शुभांगी ओरडत पळत होती. तिच्या हातात जळक्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं. मागून सौरभ आणि किमया धापा टाकत येत होते.

शुभांगीचे वडील गावातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करत. सौरभ आणि किमया ही भावंडं मूळची लातूरची. त्यांच्या आईबाबांना हिंजवडीच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती, तेव्हापासून ती मंडळी शुभांगीच्या घराच्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहत होती.

टेम्पो थांबला. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांखालून एक लांबलचक लाकडी मान बाहेर आली होती.

"सौरभ, ती बघ! तुझी गिटार!" किमया ओरडली.

"गिटार नाही, बेस आहे ती! चारच तारांच्या खुंट्या!" सौरभचे डोळे चमकले. तो वर्षभर दुसऱ्याच्या गिटारवर शिकत होता.

भंगारवाल्याने तांब्याची तार हातात तोलून पाहिली. "घेऊन जा. रिसॉर्टच्या पिंपांबरोबर आलीय. वाजायची न्हाई हां ती, सांगून ठेवतो."

"वाजवून दाखवतो!" सौरभ म्हणाला.

"आधी आंघोळ घाल तिला," किमयाने नाक दाबलं. "कुजक्या माशासारखा वास येतोय!"

अवस्था खरंच वाईट होती. रंगाचे पोपडे सुटलेले, तारा गंजून तुटलेल्या, मान किंचित पिळवटलेली. मुलांनी ती ओसरीच्या सावलीत वाळवली, दोन फळ्यांमध्ये मान आवळून ठेवली. खुंट्यांना रॉकेल पाजलं. भेगांमध्ये लाकडाचा भुसा आणि डिंक भरून वरून काचकागद घासला. किमयाला तिला जांभळा रंग द्यायचा होता.

"ग्रिलला लावून उरलेला हिरवा हाय," शुभांगी म्हणाली. "परवडलं तर बघ, न्हाईतर तशीच ऱ्हाऊ दे."

"हिरवी बेस? लोक म्हणतील पोपट वाजवतोय!"

मग शुभांगीने बटणांमागचं झाकण उघडलं. आत वायरींच्या जागी सुका, राखाडी गाळ गच्च बसला होता. तिने पेचकसाने तो उकरला, तेव्हा शेंगदाण्याएवढी एक पांढरी गोगलगाय टपकन ओसरीवर पडली.

"रिसॉर्टच्या गोदामात गोगलगायी पाळतात का?" किमयाने विचारलं.

शुभांगी हसली नाही. तो शंख तिने ओळखला होता. "ही धरणातली. पाणी उतरलं की काठाला गाळात सापडत्यात. ही गिटार पाण्यात होती, किमया. लई दिवस होती."

सौरभच्या बाबांनी पुण्याहून नव्या तारा, नवी बटणं आणि स्पीकरची वायर खुपसायची खोबण आणून दिली. शुभांगीने वडिलांच्या सोल्डरिंग गनने सगळं जोडलं. सौरभ तारा चढवू लागला आणि अडला. मानेच्या टोकाला हाडासारखी पांढरी पट्टी असते, तिच्या खाचांमध्ये तारा बसतात. जाड तार जिथे बसायची तिथली खाच बारीक होती, आणि बारीक तारेच्या जागी रुंद!

"कुणीतरी पट्टी उलटी चिकटवलीय. सगळंच उलटं आहे! हे बघा, पट्टा अडकवायची खुंटीसुद्धा धडाच्या दुसऱ्या शिंगावर हलवलीय. जुनं भोक बुजवलंय." त्याने पक्कड उचलली. "थांबा, पट्टी काढून सरळ करतो."

"हात लावू नगंस!" शुभांगीने त्याचं मनगट धरलं. "डावखुऱ्या मानसानं करून घेतलीय ती. ही इंद्रादादाची हाय."

इंद्रजित म्हणजे गावातल्या लीलाबाईंचा मुलगा. गावच्या सप्ताहात टाळ-मृदंगाच्या मागे बसून तो डाव्या हाताने बेस वाजवायचा. पहिल्या वर्षी जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी तीच मंडळी विचारू लागली, "इंद्रा कुटं हाय? त्याच्याबिगर भजन पोकळ वाटतंय!" गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तो धरणाकाठच्या रिसॉर्टमध्ये वाजवायला गेला, तो परत आला नाही. रिसॉर्टचे मॅनेजर दयानंद स्वतः लीलाबाईंच्या दारात येऊन म्हणाले होते, "तो सकाळीच गेला, गिटार खांद्याला लावून. गोव्याला जातो म्हणाला." जाणता मुलगा, मर्जीने गेला, असं म्हणून चौकशीही थंडावली. आईला टाकून पळाला, असं गाव बोलू लागलं.

"लीलाकाकी अजून त्याच्या नंबरावर रिचार्ज मारती," शुभांगी हळूच म्हणाली. "नंबर बंद पडला तर तो घरी फोन कशावरून करनार, म्हनून."

ओसरीवर ती गोगलगाय तशीच पडली होती.

"खांद्याला लावून गोव्याला गेला," सौरभ सावकाश म्हणाला, "तर गिटार धरणात कशी?"

दुसऱ्या दिवशी तिघे सायकलींवरून रिसॉर्टला गेले. फाटकाशी राखणदार भैरूतात्या एकटेच भरलेली पिंपं उचलून रचत होते. आत कचेरीत दयानंद फोनवर हसत होते.

"काका," किमयाने निरागस चेहरा केला, "माझा वाढदिवस आहे. तुमचा पाण्यावर तरंगणारा स्टेज आहे ना, त्यावर करायचाय!"

दयानंदांचं हसू विझलं. "कसला स्टेज? असा स्टेज आमच्याकडे कधीच नव्हता."

"पण डिसेंबरात रस्त्यावर केवढा बोर्ड होता! मी वाचला होता. 'तरंगत्या रंगमंचावर नववर्ष'!"

"कॅन्सल झालं ते. आणि तुम्ही गावातली पोरं इथे काय करता? चला, निघा!"

ती फाटकापाशी आली तेव्हा भैरूतात्या पुढे झाले. "पोरांनो, मागल्या काठाला जाऊ नगा. तितं गाळ हाय. मानूस गिळतो."

थोडं पुढे गेल्यावर शुभांगीने सायकल थांबवली. "तात्यांनी पिंपं उचललेली बघितलीस?"

"हो, भीमच आहेत!" सौरभ म्हणाला.

"मग आता सप्ताह बसलाय, त्यात वीणा का घेत न्हाईत? 'पाठ दुखती' म्हनून सांगितलं त्यांनी. दरसाल दुपारचा पहारा त्यांचाच असतो. कडक उन्हात, कुनी नसलं तरी. औंदा देवळात येत्यात, पन पायरीच्या आत पाऊल टाकत न्हाईत."

सौरभला कळेना. "वीणेचा आणि याचा काय संबंध?"

शुभांगीने समजावलं. सप्ताह बसला की देवासमोर वीणा अखंड उभी असते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. आणि जोवर ती गळ्यात आहे, तोवर तोंडातून नाम निघेल नाहीतर खरं. खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही.

"म्हणजे तात्यांच्या पोटात काहीतरी आहे," किमया कुजबुजली, "आणि ते घेऊन त्यांना वीणा घेववत नाही!"

"तर मग वीणाच त्यांच्या गळ्यात जाऊ दे," सौरभ म्हणाला.

डाव असा ठरला. दुपारी वीणा शुभांगीच्या शंभूकाकांच्या गळ्यात असायची आणि त्यांच्याकडून ती तिचे वडील घ्यायचे. किमयाने घरचा मिक्सर असा काही बिघडवला, की "काका, धूर! धूर!" ऐकून शुभांगीचे वडील पेचकस घेऊन वर धावले आणि तिथेच अडकले. इकडे देऊळ रिकामं, वीणा घ्यायला भैरूतात्यांशिवाय कुणी उरलं नव्हतं. मंडपाच्या पत्र्यावर ऊन तापलेलं. खांबाआड बेस लपवून, तिची वायर स्पीकरला जोडून सौरभ बसला होता. बाहेर पायरीवर भैरूतात्या डोळे मिटून नाम ऐकत होते.

पण एक गोष्ट मुलांच्या हिशेबात नव्हती. शंभूकाकांचे पाय लटपटू लागले. कपाळावर घाम आला.

"शुभे, तुझा बाप कुटं मेला? माझी शुगर उतरतीय गं!"

हे ठरलेलं नव्हतं! ती खरोखरच किंचाळली, "तात्या! काका पडत्यात! वीणा धरा!"

भैरूतात्या जागचे उठले. पायरीपाशी घुटमळले. शंभूकाका कलंडले आणि वीणेचा भोपळा खाली झुकला. मग मात्र त्या म्हाताऱ्याने झेप घेतली! एका हाताने माणूस सावरला, दुसऱ्याने वीणा. शुभांगीने काकांना खांबाला टेकवून गुळाचा खडा तोंडात घातला. वीणा तात्यांच्या गळ्यात गेली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि नाम सुरू केलं. "जय जय रामकृष्ण हरी..."

सौरभने जाड तार छेडली.

धूंऽऽऽम!

पत्रे थरथरले. तात्यांनी मान वळवली. त्यांना ती बेस दिसली, घासूनपुसून उभी केलेली. नाम थांबलं.

"तात्या," शुभांगी हात जोडून पुढे आली. ती रडत होती. "ही कुनाची हाय? लीलाकाकी रोज त्याच्या फोनची वाट बघती. तिला काय सांगू मी?"

मग तात्या बोलले.

"इंद्रजितची हाय. मीच भंगारात टाकली. पाणी उतरल्यावर गाळात घावली मला. जाळवंना, पुरवंना. पिंपांसंगं देऊन टाकली." त्यांनी डोळे पुसले, पण हात वीणेवरून हलवला नाही. "स्टेजचे लोखंडी अँगल आलेच न्हाईत. सायबानं पिंपं दोरीनं बांधाय लावली. 'एका रातीचा प्रश्न हाय, चालतंय' म्हनला. दुपारी इंद्रा आवाज तपासाय एकलाच आला. मी होडी घेऊन बाजूला होतो. दोऱ्या सरकल्या, स्टेज कलला. इंद्रा पिंप धरून वर व्हता रं, वाचला व्हता! पन सजावट करनारं एक परमुलखातलं पोरगं कापडाखाली घावलं. इंद्रानं गिटार गळ्यातनं काढून टाकली आन् खाली गेला. पोरगं वर आलं. इंद्रा न्हाई आला. स्टेज त्याला खाली दाबून खोलात सरकला."

"मग शोधलं नाही कुणी?" सौरभचा आवाज चिरकला.

"बांबूनं ढोसलं थोडं. मग सायेब म्हनला, पाव्हणे यायची वेळ झाली. त्या पोराला त्याच सांजंला गाडीत बसवून मुलखाला धाडलं. मला म्हनला, होडी तुझ्या हातात होती, फासावर तूच जाशील. मी भ्यालो, पोरांनो. लई भ्यालो."

मागे पावलं वाजली. संध्याकाळच्या कीर्तनासाठी आलेले नरहरी महाराज देवळामागच्या खोलीत विसावले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी लगेच सरपंचांना फोन लावला, सरपंचांनी पोलिसांना. गाव गोळा झालं. पोलिसांच्या गाडीमागोमाग दयानंदांची जीपही येऊन थांबली.

"साहेब, म्हातारा नशेत बडबडतोय!" दयानंद ओरडले. "आणि ही पोरं, यांना काय अक्कल!"

भैरूतात्या त्यांच्याकडे वळले. त्या माणसासमोर ते पहिल्यांदाच ताठ उभे होते. "वीणा गळ्यात हाय, सायेब," एवढंच म्हणाले.

दयानंद मागे सरकले, तर मागे गाव उभं होतं.

फौजदार म्हणाले, "बाबा, जागा दाखवायला आत्ताच चला. उजेड आहे तोवर पाणबुड्यांना उतरवतो."

"येतो. पन ही कुनीतरी घ्या."

शंभूकाका आडवे पडलेले. बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली आणि लीलाबाई पुढे आल्या. त्या रडत नव्हत्या. पदर खोचून त्यांनी हौदावर हात धुतले. कुणीतरी पुटपुटलं, "बाईमानसानं वीणा..." नरहरी महाराजांनी नुसता हात वर केला आणि ते कुणीतरी गप्प झालं.

भैरूतात्यांची मान वर होईना. लीलाबाईंनी स्वतःच त्यांच्या गळ्यातून वीणा काढली आणि आपल्या गळ्यात घातली.

"जा, भैरूभावजी," त्या म्हणाल्या. "कुटं हाय त्यो, दाखवा त्यांना. तुमी येईस्तोवर मी हितं उभी हाय."

आणि त्या उभ्या राहिल्या. पाणबुडे उतरले तेव्हा, बुडालेल्या स्टेजखाली इंद्रजित सापडला तेव्हा, आणि ती खबर घेऊन माणसं मान खाली घालून देवळात आली तेव्हाही. ती ऐकून त्यांचा आवाज एकदाच तुटला. पुढच्या श्वासाला नाम पुन्हा सुरू झालं.

दयानंदांना अटक झाली. भैरूतात्यांनी आपला जबाब कोर्टातही देईन म्हणून लिहून दिलं. शुभांगीच्या वडिलांनी आधी मिक्सरबद्दल तिघांची खरडपट्टी काढली आणि मग तिघांना घट्ट जवळ घेतलं.

काल्याच्या कीर्तनात नरहरी महाराजांनी मुलांना समोर बोलावून बुक्का लावला. "वीणेचा असा डाव पुन्हा मांडू नका. शंभूच्या जिवावर बेतलं असतं," ते आधी म्हणाले. तिघांच्या माना खाली गेल्या. मग महाराजांचा आवाज भरून आला. "पण आम्ही मोठी माणसं पाच महिने एका आईला तिचा मुलगा पळाला म्हणून सांगत होतो. या लेकरांनी गाळ उकरला. आम्हाला तो उकरावासासुद्धा वाटला नाही."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बायाबापड्यांनी येऊन मुलांच्या तोंडावरून हात फिरवला, एवढंच.

बाळांनो, गोष्ट संपली. आता एकच मागणं आहे. पाच महिने त्या गावात इंद्रजितचं नाव पळपुटा म्हणून घेतलं गेलं, चहाच्या टपरीवर, पारावर, हसत हसत. पाण्यातून सुखरूप वर आलेला तो मुलगा दुसऱ्यासाठी पुन्हा खाली गेला होता. ते चुकीचं घेतलेलं नाव आता नीट घ्यायला हवं, आणि त्याला बरीच तोंडं लागतील. झोपायच्या आधी देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या मागोमाग लीलाबाईंच्या इंद्रजितचंही घ्या.