जाळीवरची जागा

ठकूला नोकरी लागली आणि तिने ठरवलं की बाबांना आणि मावशीला एका संध्याकाळी नदीवर न्यायचं. मी तिची मावशी. तिच्या आईचं, म्हणजे अक्काचं, आणि माझं मिळून शिवणाचं दुकान होतं. आता ते मी एकटीच चालवते, कारण अक्काला जाऊन दोन वर्षं झाली. ती याच नदीत गेली. भावोजी आणि ती वल्ह्याची होडी घेऊन फिरायला गेले होते, परत आले ते एकटे भावोजी. अक्का सापडलीच नाही. भावोजींनी सगळ्यांना सांगितलं की तिने आपणहून उडी मारली, तिचं मन बरेच दिवस ठिकाणावर नव्हतं, घरातली गोष्ट म्हणून आपण बाहेर बोललो नाही इतकंच.

लोकांना ते पटलं. भावोजी शाळेत गणित शिकवतात आणि कुठलीही गोष्ट ते असं पायरीपायरीने सांगतात की ऐकणाऱ्याची मान आपसूक हलते. मला पटलं नाही. अक्काने त्याच आठवड्यात दुकानावरची खोली झाडून घेतली होती आणि ठकूसाठी नवी खाट आणून टाकली होती. जीव द्यायला निघालेली बाई पोरीसाठी खाट आणत नाही. पण हा काही पुरावा नव्हे, हे मलाही कळत होतं. माणूस करून सवरून नामानिराळा झाला होता आणि मी त्याला दर सणासमारंभाला चहा देत होते.

ठकूला मात्र पटलं होतं, आणि हेच माझ्या जिवाला डाचत होतं. एकदा काज करता करता तिने मला विचारलं, "मावशी, मी आईला नकोशी झाले होते का गं?" त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, ठकूसमोर, खरं सांगायचं. त्यापुढे त्याचं काय व्हायचं ते होवो.

म्हणून ठकूने नदीचं नाव काढलं तेव्हा मी तिला अडवलं नाही. दोन वर्षं ती पुलावरून जातानासुद्धा डोळे मिटून घ्यायची. आता एकदाची ती भीती काढून टाकायची आहे, म्हणाली. भावोजींना नाही म्हणता येईना. दुःखी नवऱ्याचं सोंग घेतलं की ते निभवावंही लागतं.

बोट निवडायला आम्ही तिघं दुकानातल्या कापायच्या टेबलाशी बसलो. ठकूने फोनवर फोटो दाखवले. एक दुमजली मोठी बोट होती, तिच्यावर वाजंत्री आणि जेवण. दुसरी काचेची, बंद, थंड हवेची. तिसरी कॅटमरान. दोन निमुळत्या नावा शेजारी शेजारी, वर दोघींना जोडणारा एकच डेक, आणि पुढच्या टोकाला दोन नावांच्या मधे ताणून बांधलेली दोरीची जाळी. सूर्य बुडताना त्या जाळीवर पालथं पडून खालचं पाणी बघायचं, त्यासाठीच लोक ती बोट घेतात, असं तिथे लिहिलं होतं. ठकूचं बोट तिच्यावर रेंगाळलं. भावोजी म्हणाले, दुमजली बरी, उंच असते, डुलत नाही. मग दुमजलीच ठरली आणि ठकूने माझ्या डोळ्यांदेखत तिची तिकिटं काढली.

ठरल्या दिवशी आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा पलीकडच्या काचेच्या कचेऱ्यांवर ऊन पिवळं पडलं होतं. पाण्याला गटाराचा आणि ओल्या दोरखंडाचा वास येत होता. तिकीट खिडकीतल्या बाईने ठकूचा फोन पाहिला आणि कॅटमरानकडे बोट दाखवलं. ठकू म्हणाली, आमची दुमजली आहे. बाई म्हणाली, होती, पण काल बदलून घेतलीत ना.

"कुणी बदलली?" भावोजींनी विचारलं.

"तुमच्याच घरातल्या बाईंनी फोन केला होता. मागे पाण्याचा आवाज फार होता, नीट ऐकू येत नव्हतं. पण यांना जाळीवरची जागा द्या, असं दोनदा म्हणाल्या."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. ठकूनेही पाहिलं, जरा कौतुकाने, मावशीने आपल्या मनातलं ओळखलं म्हणून. मी फोन केला नव्हता. सुचलं असतं तर नक्की केला असता. मला वाटलं, ठकूनेच केला असणार आणि आता साळसूदपणा करतेय. दुमजली तोवर भरून गेली होती. तिकडे वाजंत्री सुरू झाली आणि आम्ही मुकाट्याने कॅटमरानवर चढलो.

बोटीचा कप्तान पांढऱ्या दाढीचा, गप्पिष्ट माणूस होता. आमच्याशिवाय एक नवं जोडपं होतं, त्यांना जगाची शुद्ध नव्हती, आणि एक निवृत्त डॉक्टर व त्यांची बायको. पूल मागे पडत गेले. मी शिवणकाम करणारी बाई, माझी नजर आधी कापडावर जाते. भावोजींनी निळा, कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. वारा कोरडा होता, सगळ्यांचे कपडे फडफडत होते, आणि त्यांचा सदरा मात्र छातीवर ओला होऊन चिकटत चालला होता. घाम असेल, म्हणून मी नजर काढून घेतली.

सूर्य शेवटच्या पुलाच्या कमानीत आला तसं कप्तानाने इंजिन बंद केलं. ही त्याची रोजची रीत होती. इंजिन बंद करायचं, बोट प्रवाहावर सोडायची आणि सगळ्यांना पुढे जाळीवर न्यायचं. पालथे पडा, तोंड जाळीला लावा, आकाश खाली दिसेल, असं तो म्हणाला. नवं जोडपं धावलं. डॉक्टरांची बायको हसत हसत टेकली. भावोजी मागच्या बाकाला धरून उभे होते.

"बाबा, माझ्यासाठी," ठकू म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला.

ते आले. आधी गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले, मधोमध. एका बाजूला ठकू, दुसऱ्या बाजूला मी. जाळी दोरीची, जाड, बोटं जातील एवढ्या चौकटींची. खाली हातभर अंतरावर पाणी. दोन्ही नावांच्या पोटांमधे ते केशरी दिसत होतं, आणि भावोजींच्या बरोबर खाली काळं. मला वाटलं त्यांची सावली. पण सूर्य समोर होता, सावली मागे पडायला हवी होती.

सगळे गप्प झाले. पाणी नावांना चाटत होतं. त्याच्याखाली मला आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला, बारीक आणि ठरावीक लयीत. आधी टच, मग सळसळ. टच, सळसळ. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय, तरी तेव्हा तो कशाचा ते मला ओळखता येईना. तो माझ्या डावीकडून येत होता, गळ्यापासून पोटाकडे सरकत होता. भावोजी मुळीच हलत नव्हते.

सूर्य गेला. कप्तानाने टाळी वाजवली, मंडळी उठली, कपडे झटकू लागली. भावोजी उठले नाहीत.

"बाबा, चला," ठकू म्हणाली.

त्यांनी तोंड जाळीवरून वर काढलं नाही. ते खाली बोलले, पाण्याशी.

"सांगतो. ओढू नकोस, सांगतो."

कप्तान पुढे आला. डॉक्टर वाकले. मी हात आडवा केला आणि दोघांना थांबवलं. कशाच्या जोरावर, कोण जाणे.

"ठकू, तुझ्या आईने उडी मारली नाही," भावोजी म्हणाले. वर्गात गणित सांगावं तसा त्यांचा आवाज सपाट होता. "ती म्हणाली, मी पोरीला घेऊन दुकानावर राहायला जाते. मी ढकललं. तिने होडीची कड धरली. मी बोटं सोडवली. एकेक करून सोडवली. ती तुलाच हाका मारत होती."

ठकू माझ्या शेजारी उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त श्वास सोडला, फार दिवस धरून ठेवलेला असावा तसा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"झालं, सांगितलं. आता सोड," भावोजी खाली म्हणाले.

कुणी सोडलं नाही. कप्तानाने त्यांना खांद्याला धरून उचलू पाहिलं, तर अख्खी जाळी वर आली. त्याला वाटलं गुंड्या अडकल्या. हात खाली घालायला जागा नव्हती. शेवटी त्याने खिशातली सुरी काढली, सदरा पाठीवरून मानेपासून खालपर्यंत फाडला, आणि भावोजी त्यातून सोललेल्या शेंगेसारखे निघाले. रांगत मागच्या बाकाशी जाऊन बसले. सदरा जाळीवर तसाच पसरलेला राहिला, बाह्या बाहेर, छाती खाली.

"कुणाची तरी मासेमारीची तंगूस अडकली असणार," कप्तान म्हणाला आणि त्याने त्यावर विजेरी धरली.

ती तंगूस नव्हती. पांढरा सुती दोरा होता, ओला. खालून वर घातलेले टाके, सदरा आणि जाळी एकत्र घेऊन, गळ्यापासून थेट खालच्या काठापर्यंत. सगळे डावीकडे झुकलेले. अक्का डाव्या हाताने शिवायची. तो मघाचा आवाज कशाचा होता ते तेव्हा मला कळलं.

ठकूने वाकून एका टाक्याखाली नख घातलं. तो सहज सैल झाला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती त्या दुकानाच्या फरशीवर रांगत मोठी झालेली पोर, तिला सांगावं लागत नाही. आमच्या कामात आधी कच्चे टाके घालतात, लांब, सैल, ओढले की निघणारे. माणसाच्या अंगावर माप बसतंय का, एवढंच त्यात बघायचं असतं. ते बसलं की मग पक्की शिवण, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला परत बोलवायचं.

मागे डॉक्टरांनी भावोजींचं बनियन वर करून पाहिलं. छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत बारीक भोकांची एक रांग होती. रक्ताचा थेंब नव्हता. भोकांतून पाणी येत होतं, गढूळ, जरासं हिरवट. डॉक्टरांनी टॉवेलने टिपलं. पुन्हा आलं. पुन्हा टिपलं. मग त्यांनी टॉवेल नुसताच हातात धरून ठेवला.

"ठकू, घरी जाऊ," भावोजी म्हणाले. "मला घरी ने."

ठकू त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि ती रांग वरपासून खालपर्यंत निरखून पाहू लागली. मग बनियन हलक्या हाताने खाली केलं, चुणी सारखी केली. दुकानात आलेल्या माणसाशी आम्ही ज्या अदबीने बोलतो, त्याच अदबीने ती बोलली.

"बाबा, माप बरोबर बसलंय. तुम्हाला आता फक्त एकदाच यावं लागेल."