तळघरातली शेवटची वडी

भोंगा वाजला तेव्हा ब्रिटा त्या हिरव्या घराच्या स्वयंपाकघरात खण उघडून-मिटून बघत होती. चार वर्षांच्या मुलीची बोटं चेमटतील का, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता.

वादळाचा भोंगा. आधी घुमत घुमत चढला, मग साऱ्या ओवाटोना गावावर पसरला. रविवार दुपारची वेळ, विकायला काढलेलं घर सगळ्यांना बघायला खुलं, त्यामुळे आत बरीच माणसं होती. ती क्षणभर थबकली... आणि मग मिनेसोटात जन्मलेल्या माणसाने करावं तेच त्यांनी केलं. तळघरात जायचं सोडून, आभाळ बघायला पुढच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

"पश्चिमेला जरा हिरवट दिसतंय, नाही का?"

"हिरवट? छे! राखाडी म्हणेन मी."

"आमच्या मेव्हण्याचा गोठा उडाला ना, त्या दिवशीही अस्संच होतं."

घर दाखवायला आलेल्या डार्लीनबाईसुद्धा कॉफीचा कप सांभाळत त्यांच्यात सामील झाल्या.

ब्रिटा त्यांच्यातली नव्हती. तिने लेकीचा, टिल्डाचा, हात पकडला आणि थेट तळघराचा जिना गाठला. टिल्डाने दुसऱ्या हाताने, जाता जाता, टेबलावरचा रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्यांचा हलका पत्र्याचा ट्रे उचलला. संकटात काय वाचवायचं, याबद्दल तिची मतं पक्की होती.

खाली सगळं कसं सजलेलं होतं. मऊ गालिचा, भिंतींना लाकडी फळ्या, कोपऱ्यात उंच स्टुलं, पिवळसर दिवे. आणि जिन्याखालच्या सांदीत, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर सायकलचं हेल्मेट घातलेला एक माणूस.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"मी... जिना कसा आहे ते बघत होतो," तो म्हणाला.

"खालून?"

"खालूनच कळतो जिना."

"आणि हेल्मेट?"

"सायकलवरून आलोय ना."

"जिन्यावरूनसुद्धा?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो हसला, मोकळं, अगदी पोटातून. "बरं बाई, घाबरलोय! झालं समाधान? या आत. सरकतो मी, जागा आहे."

टिल्डाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू भित्रा आहेस?"

"हो."

"आमची आईपण."

"टिल्डा!"

"मग आपलं जमेल," असं म्हणून त्याने हेल्मेट काढलं आणि टिल्डाच्या डोक्यावर ठेवलं. पट्टा आखूड केला. आणि बक्कल लावताना, हनुवटीची कातडी चिमटू नये म्हणून, स्वतःचं बोट मध्ये धरलं.

ब्रिटाने ते बोट पाहिलं. औषधांच्या दुकानात काम करताना बाटलीवरचं प्रत्येक लेबल दोनदा वाचणारी बाई ती. तिच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. असं मध्ये बोट धरणारा माणूस तिने आजवर फक्त आरशात पाहिला होता.

त्याचं नाव रोल्फ. शाळेत मुलांना बँड शिकवायचा. स्वतः ट्युबा वाजवायचा, म्हणजे ते अंगाभोवती गुंडाळून घ्यायचं, म्हशीएवढं पितळी वाद्य. राहायला भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर.

"खालच्या आजीबाई झाडूच्या दांड्याने छतावर साथ करतात," तो म्हणाला. "तालात चुकतात, पण जीव ओतून."

"मग हे घर घ्या की. तळघर तयारच आहे."

"तयार आहे, हेच तर नको. दुसऱ्याच कुणाच्या मनातलं झालंय सगळं. समोरचं पिवळं घर बघितलंत? त्याचं तळघर कोरं आहे. नुसतं काँक्रीट."

"अर्धवट आहे म्हणा ना."

"कोरं."

"अर्धवट!"

तिचा आवाज जरा चढलाच. तिला अर्धवट हा शब्दच सोसवत नसे. कर्टने — टिल्डाच्या वडिलांनी — मागच्या अंगणातला लाकडी ओटा अर्धा बांधला होता, पाळणा अर्धा रंगवला होता, आणि संसार अर्ध्यावर टाकून तो ॲरिझोनात निघून गेला होता, जिथे बहुतेक घरांना तळघरंच नसतात. आता जुलैअखेर त्यांची राहती भाड्याची जागा सुटणार होती. टिल्डासाठी एक घर हवं होतं. पुरं, उबदार, कुणी काही राहून गेलं असं न वाटणारं.

हे सगळं ती एका परक्या माणसाला सांगून बसली, तेव्हा ट्रेमध्ये एकच वडी उरली होती.

"घ्या," तो म्हणाला.

"छे छे, तुम्ही घ्या."

"माझं झालं भरपूर."

"माझंही."

मग त्याने डार्लीनबाईंच्या व्हिजिटिंग कार्डाने वडीचे दोन भाग केले आणि एक खाल्ला. ब्रिटाने उरलेल्याचे दोन केले. त्याने त्याचे दोन. इकडच्या रीतीप्रमाणे शेवटचा तुकडा घेणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. वर भोंगा थांबला, व्हरांड्यातली मंडळी "काही नाही हो, उत्तरेला गेलं" म्हणत आत आली... आणि ट्रेमध्ये नखाएवढा एक तुकडा तसाच राहिला. कुणीच न घेतलेला.

"अगंबाई, तुम्ही खाली होतात?" डार्लीनबाई जिन्यात उभ्या. "आणि माझ्या वड्या?"

*

समोरचं पिवळं घरही डार्लीनबाईंकडेच होतं, म्हणून लगेच तेही बघायला सगळी निघाली. रस्ता ओलांडताना पाऊस आला. मोठे, कोमट थेंब. रोल्फने वड्यांचा ट्रे टिल्डाच्या डोक्यावर धरला. हेल्मेटवर ट्रे, ट्रेवर पाऊस... टिल्डा खिदळत होती, आणि रोल्फचा शर्ट खांद्यांना चिकटत चालला होता. ब्रिटाने नजर दुसरीकडे वळवली. जरा उशिराच वळवली.

पिवळ्या घराचं तळघर म्हणजे खरंच नुसतं काँक्रीट. वर उघड्या तुळया, एक दिवा, एक लोंबती दोरी. ब्रिटाने सुरुवात केली.

"या पायऱ्यांना मागे फळी नाही. पाय आत जाईल."

"फळी ठोकू," तो म्हणाला.

"हा पाइप तापत असणार."

"गुंडाळू."

"हा खड्डा!"

"झाकण."

"आणि ही भेग? केवढी आहे बघा, वरपासून खालपर्यंत!"

"हो. पण दिसतेय तरी."

ब्रिटा काही बोलणार होती, ती थांबली. दिसतेय तरी... मघापासून तिच्या मनात काहीतरी टोचत होतं, ते एकदम वर आलं. हिरव्या घराच्या तळघरात भरदिवसा सफरचंद-दालचिनीच्या मेणबत्त्या पेटल्या होत्या. एक नाही, चांगल्या तीन-चार. आणि गालिचा उत्तरेच्या कोपऱ्यात तेवढा नवा होता.

"तिकडे ओल आहे," ती हळूच म्हणाली. "फळ्यांच्या मागे. वासाने वास झाकलाय."

"मला नाही कळलं," रोल्फ चकित झाला.

"तुम्ही जिना बघत होतात ना. खालून."

तो इतका हसला की हसू भिंतींवर आपटून परत आलं. टिल्डाला हा खेळ आवडला. ती ओरडली, "ऊऽऽ!" आणि तळघरही म्हणालं, "ऊऽऽ!" मग रोल्फने खोलीच्या मधोमध उभं राहून, डोळे मिटून, घशातून एक खोल खर्ज लावला. ब्रिटाला तो कानांनी नाही, तळपायांनी ऐकू आला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं एखाद्याला फार वर्षांनी आपल्या नावाने कुणी हाक मारावी.

टिल्डाला खिडकीत खडूचा तुकडा सापडला होता. भिंतीवर तिने तीन माणसं काढली. एकाच्या डोक्यावर हेल्मेट.

"टिल्डा, लोकांच्या भिंतीवर..." ब्रिटा ओरडायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की इथे ओरडायची गरज नाही. इथे सांडलं तर सांडलं. पडली तर फुंकर. उरलेलं हळूहळू, जसं मनात येईल तसं करायचं. अर्धवट आणि कोरं यांत फरक असतो... हे आजवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला ते घर हवं होतं.

पण रोल्फ अजून डोळे मिटून उभा होता.

*

मंगळवारी तिने डार्लीनबाईंना फोन केला. "पिवळ्या घराचं राहू द्या. मी हिरव्याचाच विचार करते."

"पण त्यात ओल आहे म्हणून तूच तर माझं डोकं खाल्लंस! मालकाला विचारायला लावलंस!"

"काढू की आम्ही ओल. तुम्ही ते... त्या दुसऱ्या माणसाला द्या. त्याचा आवाज तिथे फार छान घुमतो."

पलीकडे कप बशीवर आदळला. मग एक लांब उसासा.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत पिवळ्या घरी ये. तळघरात. आणि एक अक्षर विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी टिल्डाला बालवाडीत सोडून, दुपारी ती धापा टाकत पोचली, तर खाली रोल्फ. हेल्मेट हातात, केस विस्कटलेले. आणि डार्लीनबाई, कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत एक वडी. एकच.

"काल सकाळी हा फोन करतो," डार्लीनबाईंनी तोफ डागली. "'डार्लीन, भिंतीवर लेकराची चित्रं आहेत, मी नाही घेत.' दुपारी ही! 'डार्लीनबाई, त्याचा आवाज घुमतो, मी नाही घेत.' अरे, घर आहे हे, चर्चच्या जेवणातली शेवटची वडी नाही! शुक्रवारी मिनिआपोलिसचं एक जोडपं येतंय बघायला. शहरातली माणसं आहेत ती, घास तोंडात घालून मग विचारतात. नेतील उचलून, आणि तुम्ही दोघं बसा 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत!"

ताटली खिडकीच्या कट्ट्यावर आपटली गेली.

"मी वर आहे. ज्याला घर हवंय त्याने वडी घ्यायची. आख्खी. तुकडे केलेत तर माझ्याशी गाठ आहे."

पायऱ्या करकरल्या. वरच्या तुळईवर एक कोळी आपलं काम करत होता.

"तुम्ही माझ्यासाठी सोडलंत?" ब्रिटा म्हणाली.

"तुम्हीसुद्धा."

"मग आता घ्या."

"नाही, तुम्ही... टिल्डाचं..."

"पण तुमचा ट्युबा..."

आणि भोंगा वाजला.

महिन्याचा पहिला बुधवार, दुपारचा एक. भोंगा चालू आहे ना, एवढं बघायला दर महिन्याला वाजतो तो. गावातलं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. त्या दोघांनाही ते चांगलं ठाऊक होतं. तरी दोघं एकदमच जिन्याखाली सरकले, खांदा खांद्याला लागला, आणि रोल्फने काही न बोलता हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. बक्कल लावलं. मध्ये बोट धरून.

ते बोट हनुवटीखाली जरा रेंगाळलं.

ब्रिटाला एकदम सगळं स्पष्ट दिसलं, त्या भेगेसारखं. आयुष्यभर ती संकटं मोजत आली होती. हवं काय आहे, ते कधी मोठ्याने म्हणालीच नव्हती. ती उठली, कट्ट्यावरची वडी उचलली आणि अर्धीअधिक तोंडात कोंबली.

"मला हवंय!" ती भोंग्यावर ओरडली.

"काय?" त्याला ऐकू येईना. तो कानाला हात लावून जवळ आला.

"घर! घर मला हवंय!"

"घ्या ना! मी कुठे..."

"आणि —" तिने उरलेली वडीही तोंडात टाकली, श्वास घेतला, सगळा जोर लावला... आणि नेमका त्याच क्षणी भोंगा थांबला.

"आणि तूही!"

कोरं काँक्रीट ते. त्याने एक अक्षर स्वतःकडे ठेवलं नाही. *तूही... ऊही... ही...* भिंतीवरच्या खडूच्या तीन माणसांपर्यंत जाऊन ते परत आलं. वर डार्लीनबाईंच्या हातून काहीतरी खणकन पडलं.

ब्रिटाला वाटलं, काँक्रीट फाकावं आणि आपल्याला पोटात घ्यावं. हेल्मेट तिने आणखी खाली ओढलं.

रोल्फच्या कानांच्या पाळ्या लाल लाल होत गेल्या.

"मला... अर्धी ठेवली नाहीस?" शेवटी तो म्हणाला. मधलं ते 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

"अर्धं काही नको म्हणाले होते ना मी."

"मग मला पूर्णच यावं लागेल."

"ये. पण हळूहळू. आधी पायऱ्यांना फळ्या."

"मग पाइप."

"मग झाकण. मग ट्युबा."

"आणि भेग?"

"भेगेवर लक्ष ठेवू. दोघं मिळून."

"ऐकतेय मी!" वरून डार्लीनबाई गरजल्या. "ताटली रिकामी झाली का?"

"झाली!" दोघं एकदम ओरडले, आणि तळघरही आनंदाने म्हणालं, *झाली... आली...*

ती साफ रिकामी नव्हती झाली, खरं तर. ब्रिटाच्या ओठाच्या कोपऱ्याला रुबार्बचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. रोल्फ त्याच्याकडे बघत राहिला.

"हा... मी घेऊ?"

"एकदाच विचारायचं," ब्रिटा म्हणाली. "आणि मग घ्यायचा."

त्याने घेतला.