बारावी खुर्ची

"नाई जमत मले, जानरावभाऊ! दुसऱ्या कोणाले बसवा!" कौशल्येने हात जोडले. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची दुपार. संध्याकाळच्या मिस्सेच्या उपासनेत, प्रभूने बारा शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुणार आणि नेमका बारावा गडी तापाने फणफणलेला, म्हणून चर्चचे धर्मशिक्षक जानराव तिच्या दारात उभे होते.

"काहून नाई? अमरावतीहून येऊन राहिले ते फादर तुमचाच भाऊ हाय ना!"

तेच तर दुखणं होतं! ज्या किशोरला तिने कडेवर वाढवलं, ज्याच्या फादर होण्याच्या सेमिनरीतल्या शिक्षणापायी स्वतःच्या लग्नाचं नावसुद्धा काढू दिलं नाही, तो अकरा वर्षांत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. माय गेली तेव्हा तो दीक्षेआधीच्या महिनाभराच्या मौनसाधनेत होता, आणि मौन संपवून गावी आला तो थेट कबरीच्या ओल्या मातीपाशी! "मले काहून बोलावलं नाई?" त्याने टाहो फोडला, तर ही म्हणाली, "माझंच चुकलं." काय म्हणावं या बाईला! चुकलं कुठलं? मरता मरता मायनेच तिला क्रूसाची शपथ घातली होती... "त्याले बोलावू नको, आला तर परत जाणार नाई. अन् मी मना केलं हे त्याले कधी कळू देऊ नको पोरी. मायनंच दूर लोटलं म्हणून जन्मभर झुरल तो."

जानरावांपुढे तिचं काही चाललं नाही. संत्र्याच्या मळ्यात राबून भेगाळलेल्या टाचा तिने दगडाने घासघासून धुतल्या, कारण फादरपुढे पाय करायचे ते घरून धुऊनच, अशी इथली रीत! मग ती बाराव्या खुर्चीवर जाऊन बसली.

"बारा शिष्यांतला यहूदा दगा देणार, हे प्रभूला ठाऊक होतं," किशोर प्रवचनात म्हणाला. "तरी त्याने यहूदाचेही पाय धुतले." बोलता बोलता त्याची नजर कौशल्येवर थांबली. अरे देवा... तो यहूदा म्हणजे मी!

तो तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. पाणी ओतलं, पाय पुसले, वाकून त्यांचं चुंबन घेतलं. खरं काय ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं... एका वाक्यात अकरा वर्षांचा कलंक धुऊन निघाला असता! पण मग कबरीतल्या मायचं काय? तिने ओठ दाताखाली दाबले.

मिस्सा संपल्यावर तो दारापाशी तिची वाट बघत थांबला होता.

"ताई," तो गहिवरून म्हणाला, "लय वर्षं मनात डूख धरला मी. आज प्रभूसमोर तुले माफ केलं. ईस्टरले घरी जेवाले येऊ?"

माफ केलं! न केलेल्या पापाची माफी! तिने पदराने तोंड पुसलं.

"लय उपकार झाले बापा," ती म्हणाली. "ये. काय करू जेवाले?"