हेस्टर गॉफची तपासणी

पबचं दार आतून लागल्यावर म्हाताऱ्या पिमने नातीला, टॅम्सिनला, हे सांगितलं. जुन्या कोर्टाचे कागद सांभाळण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. त्याच्या ओळखीचा संशोधक हॅदरसेज, लडलो गावातल्या आपल्या घरी, शेवटची नोंद करायला बसला. चाळीस वर्षांत किती चोरांना फाशी सुनावली, त्यातले किती खरंच लटकले, याचा तक्ता त्याने केला होता. पुस्तकाचं म्हणणं आधीच ठरलेलं: १७४० नंतर या जिल्ह्यात चोरीसाठी एकही बाई फासावर गेली नाही.

आणि मग १७४० नंतरच्याच एका कागदात हेस्टर गॉफ निघाली. कापडाचा तागा चोरलेली. शिक्षा ऐकताच तिने पोटात मूल असल्याचं सांगितलं. मूल असतं तर फाशी टळली असती. रीतीप्रमाणे बारा बायकांनी बंद खोलीत तिचं पोट चाचपलं आणि आत जीव नाही, असं कोर्टाला कळवलं. शनिवारी तिला लटकवलं.

हॅदरसेजने तो कागद वाचला होता. तरी तक्त्यात लिहिलं, 'सुटली'.

"का? एका बाईने तक्ता बिघडतो म्हणून?" टॅम्सिनने विचारलं.

पिम खाली बघत म्हणाला, पुस्तक छापायला जायचं होतं. हेस्टरचा कागद पिमनेच हॅदरसेजला काढून दिला होता, आणि छापायचा मजकूरही वाचला होता.

"म्हणजे तुम्हीही गप्प बसलात, आजोबा."

 पिम पुढचं सांगू लागला.

पावणेबाराला हॅदरसेज आडवा झाला. जिन्यावर पावलं वाजली. बरीच. दार उघडलं नाही, पण खोली भरली... ओल्या लोकरीचा वास. मग पोटावर एक हात. गार. दाबून बघणारा. तो उचलला गेला, दुसरा आला. कुणी बोलेना... सात. आठ. शरमेने त्याचा चेहरा पेटला. तीही अशीच पडून राहिली असेल... अकरा. बारा.

"जीव नाही," एक बाई म्हणाली.

तो उठला. दिवा लावला. 'सुटली' खोडलं, 'फाशी' लिहिलं. सकाळी पुस्तक मागे घेतलं.

"हे त्याने तुम्हाला सांगितलं?"

"दाखवलं."

पोटावर बारा पंजांचे निळसर वळ होते. आठवड्याभरात गेले. बेंबीखाली तेरावा होता, तो अजून आहे... पाच बोटं. अक्रोडाच्या कवचात मावतील एवढी.