बदली येईपर्यंत

निशिगंधा त्या दिवशी कोडोलीहून एसटीने कोल्हापूरला आली ती दोन कामांसाठी. एक, आईचा चष्मा दुकानातून आणायचा. दुसरं, दूधगंगा विद्यापीठाच्या मंचावर बसून महामारीतल्या कामाचं आत्मचिंतन करायचं. दुसऱ्या कामाचं तिला पत्रिका आली तेव्हाच हसू आलं होतं. आत्मचिंतन माणूस एकट्याने करतो, तेही जमलं तर. इथे त्यासाठी मंडप घातला होता, फुलांचे गुच्छ आणले होते आणि जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा होता.

महामारीच्या वेळी विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळाची ती सचिव होती आणि उदयसिंह अध्यक्ष. आता ती कोडोलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. उदयसिंह मात्र नुसता उदयसिंह राहिलेला नाही. त्याच्याकडे पांढरी गाडी आहे, मागेपुढे पोरं आहेत, वाढदिवसाला चौकाचौकात फलक लागतात. पूर्वी ती त्याला सरळ 'ए उदय' म्हणायची. त्या दिवशी सगळे 'दादा, दादा' करत होते, तर तिच्याही तोंडून 'दादा'च निघालं, आणि त्याचा तिला दिवसभर राग येत राहिला.

दादा भाषणाला उठले. "पोरं घरी बसलेली असताना आम्ही जुन्या वसतिगृहात कोविड केंद्र चालवलं. जीव धोक्यात घालून चालवलं. आणि त्या लढाईत आम्ही आमचा आदर्श गमावला..." इथे तो थांबला. कुठे थांबायचं हे त्याला पहिल्यापासून बरोबर कळतं. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत मंडळातल्या आदर्शची आई बसली होती. चिमणाबाई. बिद्रीकडच्या एका खेड्यातून त्यांना खास गाडीने आणलं होतं, शाल-श्रीफळ द्यायला. शाल मांडीवर तशीच घडी घातलेली. टाळ्या संपल्या आणि त्या उभ्या राहिल्या.

"टाळ्या कशाच्या वाजवतायसा?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मंडपात शेवटपर्यंत ऐकू गेला. "माज्या पोराला अजून सोडलं न्हाय तुमी."

सूत्रसंचालकाने घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली. आईचं काळीज आहे, असं कुणीतरी माईकवर म्हणालं.

त्या वाक्याचा अर्थ मंडपात दोघांनाच कळला होता, उदयसिंहला आणि निशिगंधाला.

आदर्शचे वडील गणपतराव साखर कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरवरच्या माणसाने आपली बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला कायदा. बदली म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो समोर येऊन उभा राहणार, तोंडाने सांगणार, मग आधीचा सुटणार. कोविड केंद्रात मंडळाच्या पोरांच्या ड्युट्या लागल्या तेव्हा आदर्शने हा कायदा तिथे आणला. येणाऱ्याने वॉर्डाच्या दारात उभं राहून म्हणायचं, "ड्युटी घेतली. तू सुट." त्याशिवाय कुणी हलायचं नाही. पोरांना ते आवडलं. गंमत म्हणून सुरू झालं आणि नेम होऊन बसला.

दुसऱ्या लाटेतली ती रात्रीची ड्युटी आदर्शला लागली ती ऑनलाइन बैठकीत. त्याच्या अंगात ताप होता. पण उदयने "कुणाला काही अडचण?" विचारलं तेव्हा तो गप्प राहिला, आणि जो गप्प बसला तो राजी, असं मंडळ तेव्हा धरून चालायचं. वेळ वाचायचा त्यात. सकाळी त्याची बदली होती उदयसिंह. सकाळ झाली, उदय नाही. "येतो की, निघालोच हाय," असं त्याने फोनवर निशिगंधाला सांगितलं, आणि तिने तेच आदर्शला सांगितलं. दुपारी पुन्हा तेच. उदय त्या वेळी शाहूपुरीत धान्याची पाकिटं वाटत होता, फोटोवाला सोबत घेऊन. आदर्शला निघायचं असतं तर निघता आलं असतं. दारात कुणी कुलूप लावलं नव्हतं. पण तो बॉयलरवाल्याचा पोरगा. दुसऱ्या रात्रीही तो रुग्णांना गरम पाणी देत फिरत होता. नंतर तो दाराशीच, भिंतीला टेकून बसलेला सापडला.

चहाच्या टेबलाशी चिमणाबाईंनी निशिगंधाचा हात धरला. हात खरबरीत होता आणि गार.

"पोरी, तू त्याच्या मंडळातली न्हवं?"

"व्हय मावशी."

"त्यो रोज पाटंचं घरला येतो. उंबऱ्याच्या भायेर हुबा ऱ्हातो. आत ये म्हणलं तर म्हणतो, बदली आली न्हाय आई, आणि माघारी जातो." चिमणाबाई हे अगदी दुधाचा फॅट सांगावा तसं सांगत होत्या. "त्याचा बा हातरुणावर उठून बसतो. उजाडंस्तवर दोघंबी जागं."

निशिगंधाने विचारलं, "मावशी... तुम्ही जाऊन बघितलं व्हय तितं?"

"दोनदा गेलतो की त्या हास्टेलात. मी म्हणलं, मी घेतली ड्युटी, तू चल घरला. तर म्हणतो, तू मंडळाची न्हाईस." त्यांचे डोळे कोरडे होते. "म्हणून तर आलो आज. शाल घ्यायला न्हाय आलो. त्या अध्यक्षाला एकडाव तितं घिऊन चल. एक शबुद बोलायचा हाय नुसता."

निशिगंधा त्यांना घेऊन उदयसिंहकडे गेली. त्याने वाकून चिमणाबाईंच्या पायाला हात लावला, फोटोही झाला. सगळं ऐकून घेतलं. चेहरा क्षणभर उतरला, तो निशिगंधाने पाहिला. मग म्हणाला, "येतो की मावशी. तुम्ही व्हा पुढं, मी आलोच."

त्या दोघी जुन्या वसतिगृहाच्या वाटेला लागल्या तेव्हा पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडताना निशिगंधाने पाहिली. चिमणाबाईंनीही पाहिली. त्या तशाच पुढे चालत राहिल्या.

थंडीचे दिवस, ऊन कलतीला लागलेलं. उसाच्या ट्रॉल्यांचे आवाज लांबून येत होते आणि कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर हवेत होता. वसतिगृह मात्र त्या सगळ्यातून बाजूला काढल्यासारखं उभं होतं. महामारीनंतर तिथे मुलं राहायला आलीच नाहीत. ओल आहे, असं विद्यापीठ सांगायचं. दाराला तारेचा वेढा होता. तो चिमणाबाईंनी न चाचपडता सोडवला.

"मी हितंच थांबतो," त्या पायरीवर बसत म्हणाल्या. "माज्यासमोर त्यो बोलत न्हाय धड."

"मावशी... मी म्हणलं तर चालंल?"

चिमणाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. "चालंल," त्या म्हणाल्या. "पर मग तुजी बदली कोण, ते तू बघ."

निशिगंधा जिना चढली. ती घाबरट नव्हती. महामारीत तिने परक्या माणसांच्या घरी फोन करून मरणाच्या बातम्या सांगितल्या होत्या, आणि नंतर जेवलीही होती. आत्ता ती स्वतःला सांगत होती, एका आईच्या समाधानासाठी रिकाम्या खोलीत चार शब्द बोलायचे आहेत, संपलं. तरी जिन्याच्या वळणावर ती थांबली, कारण वास आला. जमीन पुसायच्या त्या औषधाचा, नाकात चढणारा. आणि त्याखाली सुंठ-मिऱ्याचा काढा उकळल्याचा वास.

वरच्या मजल्यावर वॉर्डाचं दार सताड उघडं होतं. आत लोखंडी कॉट भिंतीला लावून ठेवलेल्या, त्यावर गाद्यांचे ढीग, धूळ. दुसरं काही नाही. पलीकडच्या टोकाला काळोख साचला होता.

"आदर्श..." ती म्हणाली.

काळोखातून एक आवाज आला. आधी बादली खाली ठेवल्याचा. मग सळसळ. प्लास्टिकचा पोशाख घालून माणूस चालला की होते ती. एक पाऊल, सळसळ. एक पाऊल, सळसळ. इतकी वर्षं तो आवाज ती विसरली होती असं तिला वाटत होतं.

तो कॉटच्या रांगेच्या निम्म्यात येऊन थांबला. नखशिखांत पांढरा. तोंडापुढे काच, आणि त्या काचेवर आतून वाफ धरत होती... विरत होती... पुन्हा धरत होती.

"उदय आला?" त्याने विचारलं.

"न्हाय..." तिने ओठ ओले केले. "मी आलोय. निशी." घाबरली की ती अशीच बोलायची, कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी, आलो-गेलो करत. कॉलेजात ती 'आले, गेले' म्हणायला शिकली होती.

"सकाळी त्याची ड्युटी हुती."

"व्हय."

"तूच म्हणालीस न्हवं, निघालाय म्हणून?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. "मग ईल की. थांबतो मी. तू जा, उगं तुला लागण हुईल."

तिला रडू फुटलं. भीतीने नाही, भीती होतीच, पण त्याहून मोठी लाज होती. खाली एक बाई पायरीवर बसली होती, आणि फाटकाबाहेर एक गाडी कधीच निघून गेली होती, आणि हा इथे अजून निशिगंधाच्याच शब्दावर उभा होता. मागे जिना मोकळा होता. चार ढांगांत ती उन्हात पोचली असती. आईचा चष्मा घेऊन शेवटच्या एसटीआधी घरी गेली असती, आणि उद्या पहिल्या तासाला वर्गात उभी राहिली असती. पहाटे कुणाच्या उंबऱ्याबाहेर कोण उभं राहतं हे तिला कुणी विचारलं नसतं.

"आदर्श," ती म्हणाली, "उदय येणार न्हाय. कवाच येणार न्हाय." आणि मग दारात नीट उभी राहून, पोरं म्हणायची तसं, "ड्युटी घेतली. तू सुट."

काचेवरची वाफ विरली आणि पुन्हा धरली नाही.

तो तिच्या शेजारून गेला. गरम, दमट वारा अंगावरून गेल्यासारखं झालं, तापलेल्या माणसाच्या कुशीत झोपल्यावर लागतं तसं. सळसळ जिन्यावरून खाली गेली. मग खालून चिमणाबाईंचा आवाज आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा फुटलेला.

"आलास व्हय रं... चल, चल. तुजा बा वाट बघतोय."

निशिगंधा खिडकीशी धावली. खाली चिमणाबाई फाटकाकडे निघाल्या होत्या. एकट्याच दिसत होत्या, पण सत्काराची शाल त्यांनी घडी मोडून बाजूला धरली होती, कुणाच्या तरी खांद्यावरून घालावी तशी, आणि शाल खाली पडत नव्हती. त्यांनी वसतिगृहाकडे वळून पाहिलं नाही. निशिगंधाला वाटलं होतं की एकदा तरी पाहतील. त्यांचा काय दोष? आपलं माणूस सापडल्यावर कोण मागे बघतं?

तिने डोळे पुसले आणि जायला वळली.

मागे कुणीतरी खोकलं.

ओला, खोल खोकला. गाद्यांच्या ढिगामागून. तो थांबतो न थांबतो तोच दुसऱ्या कोपऱ्यातून एक, मग खिडकीखालून एक.

"ताई..." एका म्हाताऱ्याचा आवाज होता, दमलेला, पण अदबीचा. "नवीन आलायसा व्हय? आदीचं पोरगं लई गुणाचं हुतं. जरा ऊन पाणी द्या की."

ती मागे सरत दाराशी आली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली. एक पाऊल मागे टाकलं की जिना होता. ते पाऊल टाकायला तिने पाय उचलला आणि पाय होता तिथेच टेकला. तिने फोन काढून उदयसिंहला लावला. वाजला, वाजला, आणि पलीकडून कट झाला. पुन्हा लावला, तर फोन बंद होता.

"ताई," दुसरी एक बाई कण्हत म्हणाली, "आमास्नी घरला कवा सोडणार?"

कधीकाळी मंडळ चालवलेल्या माणसाच्या तोंडात उत्तर तयारच असतं. विचार करायच्या आत ते निशिगंधाच्या तोंडून निघालंही. "सकाळी. सकाळी डॉक्टर आले की लगेच."

मग म्हातारा हसल्यासारखं खोकला.

"आदीचं पोरगंबी आमास्नी हेच सांगायचं. वाईट वाटून घेऊ नगा, ताई... पर हितं सकाळ हुत न्हाय."

पाणी, पाणी, असं आता चारी बाजूंनी येऊ लागलं. पलीकडच्या टोकाला आदर्शने खाली ठेवलेली बादली होती. निशिगंधा तिच्यापाशी गेली. पाणी वाफाळत होतं. ती बादली उचलायला वाकली तेव्हा तिच्या अंगावर काहीतरी सळसळलं. तिने दचकून स्वतःकडे पाहिलं. अंगात साधा सुती ड्रेस होता, सकाळी घरून घालून आली होती तोच.